वजन ९७ किलो, प्रीलोड फुल्ल टाइट, तरी गाडी तळाला लागते: मग मागची स्प्रिंग कितीची घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे, स्वतःचं वजन ९७ किलो, घाटात वळणावर गाडी मागून बसल्यासारखी वाटते, मोठ्या खड्ड्यात खाडकन तळाला लागते. मेकॅनिकने प्रीलोडची रिंग (मागच्या शॉकअपवरची, जी स्प्रिंगला आधीच थोडी दाबून ठेवते) होती तेवढी आवळून दिली, तर आता छोट्या छोट्या खड्ड्यांवरही सीट खालून मारायला लागली आणि मोठ्या खड्ड्यात आवाज येतो तो येतोच. आता कोणीतरी सांगितलंय की हार्ड स्प्रिंग टाका, तर ती किती नंबरची घ्यायची. सोबत तुम्ही मोजलेले आकडे पाठवलेत, आणि काही जुगाडांबद्दल आणि डबल सीटबद्दलही विचारलंय.

नंबर काढून देतो, पण तो मी मनाने सांगणार नाही आणि दुकानदारालाही मनाने सांगू देऊ नका. तो तुमच्या गाडीवर टेप लावून काढायचा असतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी प्रीलोडचा गैरसमज काढून टाकू, कारण निम्म्या लोकांचे पैसे आणि कंबर तिथेच जातात. रिंग आवळली की स्प्रिंग हार्ड होते असं सगळेच म्हणतात, गॅरेजवालेही म्हणतात, मीही पहिली चार-पाच वर्षं म्हणायचो. होत नाही. समजा स्प्रिंग १०० न्यूटन प्रति मिलीमीटरची आहे, म्हणजे साधारण दहा किलो टाकले की एक मिलीमीटर दबते. रिंग आवळून तुम्ही ती आधीच १० मिलीमीटर दाबून ठेवलीत तर पहिल्या हजार न्यूटनपर्यंत शॉकअप हलणारच नाही, पण एकदा हलायला लागला की परत तेच, दर मिलीमीटरला शंभर. सरळ वळलेली, एकसारख्या वेढ्यांची स्प्रिंग असेल तर तिचा रेट, म्हणजे एक मिलीमीटर दाबायला लागणारा जोर, आवळल्याने बदलत नाही. बदलते ती गाडीची उंची, म्हणजे वजन बसल्यावर मागचं टोक किती वर राहतं एवढंच.

आता तुमच्याकडे नेमकं काय झालंय ते बघा. रिंग आवळून आवळून गाडी उंचावर आली, तुम्ही उतरल्यावर तर मागचा शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेलाच उभा असणार. खड्डा आला की चाकाला खाली जायलाही जागा लागते बरं का, फक्त वर यायला नाही. खड्ड्यात तुम्ही सीटवर जरा हलके झालात की ती खालची जागाच उरत नाही, त्यामुळे चाक खड्ड्यावर लटकतं आणि पलीकडच्या कडेवर आपटतं, तेच तुम्हाला सीटमधून लागतंय. आणि तळाला लागायचं म्हणाल तर प्रीलोडने तिथे थोडी मदत होते, होत नाही असं नाही. शॉकअपचा स्वतःचा स्ट्रोक, म्हणजे तो एकूण किती दबतो ते, ६० मिलीमीटर धरा, स्प्रिंग १०० ची. प्रीलोड १० असताना पूर्ण दाबायला ७००० न्यूटन लागतात, रिंग आवळून प्रीलोड १९ केला तर ७९००. आता स्प्रिंगच १२५ ची टाकली आणि प्रीलोड १२ वर आणला तर ९०००. म्हणजे कमी आवळूनही जास्त आधार मिळाला आणि चाकाला खालची जागा परत मिळाली ती वेगळीच. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या शॉकअपचे म्हणून लिहून ठेवू नका.

आता माप. हिमालयनच्या मागच्या चाकाचा प्रवास, म्हणजे ते एकूण किती वरखाली हलतं ते, १८० मिलीमीटर. तीन मापं घ्यायची. मागच्या एक्सलच्या बरोब्बर वर सीटखालच्या पॅनलवर किंवा कॅरियरवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, एक्सलच्या मध्यापासून त्या पट्टीपर्यंत दरवेळी मोजायचं. पहिलं माप मागचं चाक पूर्ण अधांतरी असताना, सेंटर स्टँडवर घेऊन चाक खरंच लटकतंय ना ते बघा, पुढून कोणालातरी दाबायला सांगा. दुसरं गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी, वर कोणी नाही, पेट्रोल अर्धी टाकी. तिसरं तुम्ही वर बसून, हेल्मेट, जॅकेट, बूट, पाठीवर जी बॅग नेहमी असते ती, सगळं घालून, पाय फुटपेगवर आणि कोणीतरी पुढून हँडल हलकं धरलेलं. घरच्या कपड्यात बनियनवर बसून मोजू नका, गियर घातल्यावर वजन सात-आठ किलोने सहज वाढतं. आणि मोजायला दुसरा माणूस लागतो, तिसरा असेल तर उत्तम. एकट्याने आरशात बघून टेप धरायचा उद्योग मी केलेला आहे, गाडी माझ्यासकट पार्किंगमध्ये आडवी झाली आणि वॉचमनने उचलली.

दुसरं आणि तिसरं माप दोनदा घ्या. एकदा गाडी मागून दाबून हळूच वर येऊ द्या आणि जिथे थांबेल तिथे मोजा, मग मागून थोडी उचलून हळूच खाली सोडा आणि परत मोजा. सील आणि लिंकेजच्या (मागचं चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, आणि शॉकअप यांना जोडणारे सांधे) घर्षणामुळे दोन्हीत फरक येतो, मधलं धरायचं. हा फरक पाच-सात मिलीमीटरच्या वर जात असेल तर स्प्रिंगचा विषय तिथेच थांबवा आणि आधी लिंकेज उघडा. कोकणात दोन पावसाळे काढलेली एक गाडी माझ्याकडे आली होती, तक्रार अशी की स्प्रिंग फार कडक आहे, मऊ टाकून द्या. लिंकेज काढलं तर नीडल बेअरिंगचं पार लाल पीठ झालं होतं, बोल्ट हातोडीने बाहेर काढावा लागला. बेअरिंग बदलले, ग्रीस भरलं, तीच स्प्रिंग परत बसवली आणि माणूस म्हणाला आता लोण्यासारखी चालते. तुमची गाडी किती जुनी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण लिंकेज कधी उघडलं नसेल तर आधी ते करा.

पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की फ्री सॅग, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. रायडर सॅग प्रवासाच्या साधारण ३० टक्के हवा, म्हणजे हिमालयनला ५४-५५ मिलीमीटर, दोन-चार इकडेतिकडे चालतं. फ्री सॅग १२ ते १८ च्या दरम्यान.

आता खरी गंमत. आधी प्रीलोडची रिंग फिरवून रायडर सॅग ५५ वर आणा, काहीही करून. मग उतरा आणि फ्री सॅग बघा. फ्री सॅग फारच कमी आला, तीन-चार मिलीमीटर किंवा शून्य, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. आणि जास्त आला, पंचवीस-तीस, तर स्प्रिंग कडक आहे. बहुतेक जण हे नेमकं उलटं वाचतात, कारण वाटतं की रिकामी गाडी जरासुद्धा बसत नाही म्हणजे स्प्रिंग दगड आहे. पण विचार करा ना, ती बसत नाही कारण तुमचं वजन पेलायला मऊ स्प्रिंगला आवळून आवळून आधीच दाबून ठेवावं लागलंय. कडक स्प्रिंगला एवढं दाबायची गरजच पडत नाही म्हणून ती गाडीच्या वजनाखाली थोडी बसते. मला स्वतःला हे पटायला वेळ लागला होता, तेव्हा लगेच पटलं नाही तरी राहू द्या, मोजून बघितलं की पटतं.

तुम्ही दिलेले आकडे असे आहेत: रायडर सॅग ५५ येतो, पण रिंग जवळजवळ शेवटपर्यंत नेल्यावर, आणि तेव्हा फ्री सॅग ३. म्हणजे तुम्ही बसल्याने गाडी ५५ वजा ३, बरोबर ५२ मिलीमीटर खाली जाते. आपल्याला हवंय काय, तर रायडर सॅग ५५ आणि फ्री सॅग १३, म्हणजे तुम्ही बसल्यावर फक्त ४२ खाली जायला हवी. तुमचं वजन तेच राहणार (डाएट सुरू केलं असेल तर आधी सांगा), म्हणजे नवी स्प्रिंग जुनीच्या ५२ भागिले ४२ पट हवी. १.२४. जुनीपेक्षा २४ टक्के कडक, झालं, हाच तुमचा नंबर.

या हिशोबात मला आवडणारी गोष्ट ही की यात लिव्हर रेशो (चाक किती हललं की शॉकअप किती दबतो ते प्रमाण) लागत नाही, वजनाचा किती टक्के भाग मागच्या चाकावर येतो ते लागत नाही, काहीच लागत नाही, सगळं तुमच्या त्या ५२ मध्येच आलंय. लिंकेज असल्यामुळे दाबत जाल तसा रेशो थोडा बदलतो, त्यामुळे एक-दोन टक्के इकडेतिकडे होईल, पण स्प्रिंगा तशाही पाच-पाच न्यूटनच्या पायऱ्यांनी मिळतात. उलटा ताळाही करून बघा: गियरसकट तुम्ही १०५ किलो, ५२ मिलीमीटर बसता. म्हणजे ४२ बसायला माणूस गियरसकट ८५ किलोचा हवा, घरच्या काट्यावर ७७-७८. तुमच्या गाडीत आत्ता आहे ती स्प्रिंग तेवढ्या वजनाच्या माणसाची आहे. स्प्रिंग खराब नाहीये, दुसऱ्याचा शर्ट आहे एवढंच.

जुनीचा रेट किती हे आता हवं, तरच २४ टक्के कशावर वाढवायचे ते कळणार. नशीब असेल तर स्प्रिंगवर छापलेला असतो. नसेल तर व्हर्नियर घ्या. तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेढे. बाहेरच्या व्यासातून तारेची जाडी वजा केली की सरासरी व्यास, आणि एकूण वेढ्यांतून दोन्ही टोकांचे चपटे घासलेले मिळून साधारण दोन वजा केले की काम करणारे वेढे. मग ७९००० गुणिले जाडीचा चौथा घात, भागिले ८ गुणिले सरासरी व्यासाचा घन गुणिले वेढे, सगळं मिलीमीटरमध्ये, उत्तर न्यूटन प्रति मिलीमीटर. उदाहरण म्हणून तार ११, बाहेरचा व्यास ७३, म्हणजे सरासरी ६२, कामाचे वेढे ६, उत्तर १०१. यात जीव आहे तो त्या चौथ्या घातात. बाहेरचा व्यास तोच ठेवून तार फक्त अर्ध्या मिलीमीटरने जाड केली, साडेअकरा, की तीच स्प्रिंग १२४ होते. तुम्हाला जो फरक हवाय तो सगळा जवळपास त्या अर्ध्या मिलीमीटरमध्ये बसतो! म्हणूनच नुसत्या डोळ्यांनी बघून ही जाड दिसते म्हणजे हार्ड असणार असं म्हणण्याला काही अर्थ नाही. आणि म्हणूनच मोजताना रंग खरवडा. पावडर कोटिंग दोन्ही बाजूंनी दीड-दीड दशांश मिलीमीटर धरलं तरी ११ ची तार ११.३ दिसते आणि हिशोब ११ टक्क्यांनी फसतो. स्प्रिंग हातात घेऊन दाबून बघणारे लोकही आहेत, त्यांना नमस्कार.

समजा तुमची १०१ निघाली, तर १.२४ पट म्हणजे १२५. दुकानात कोणी पाउंड प्रति इंचात बोलेल, तर ते सुमारे ७१४, आणि कोणी किलो प्रति मिलीमीटरमध्ये, तर १२.७. एक नक्की करा, दुसऱ्या गाडीचा नंबर उचलू नका. माझ्या मित्राच्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरला अमुक नंबरची लागली म्हणून मलाही तीच, हे चालत नाही. त्या गाडीला मागे लिंकेजच नाही, शॉकअप थेट स्विंगआर्मला लागतो. चाक किती हलल्यावर शॉकअप किती दबतो त्या प्रमाणाचा वर्ग मध्ये येतो. प्रमाण ३ असेल तर १०० ची स्प्रिंग चाकापाशी ११ ची होते, २ असेल तर २५ ची. तोच नंबर, दुपटीहून जास्त फरक.

भोसरीत किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीत स्प्रिंग वळून देणारे मिळतात, स्वस्तात देतात आणि काम वाईट नसतं, पण त्यांना फक्त १२५ ची द्या असं सांगून येऊ नका. तार साडेबारा घेऊन एकूण वेढे पावणेअकरा केले तरी रेट १२५ च्या आसपासच येतो. पण तेवढे वेढे एकावर एक पूर्ण बसले की १३४ मिलीमीटरचा ठोकळा होतो. फ्री लेंथ, म्हणजे मोकळ्या स्प्रिंगची लांबी, १८० असेल तर दबायला उरले ४६, आणि तुम्हाला प्रीलोडचे १२ आणि स्ट्रोकचे ६० मिळून ७२ हवेत. म्हणजे खड्ड्यात स्प्रिंग मध्येच लोखंडी नळी होऊन बसणार आणि तो धक्का लिंकेज आणि फ्रेमला जाणार. साडेअकराची तार आणि एकूण आठ वेढे घेतले तर ठोकळा ९२, उरले ८८, मस्त. तेव्हा रेट, फ्री लेंथ, आतला व्यास, तारेची जाडी आणि एकूण वेढे या पाचही गोष्टी कागदावर लिहून न्या. तयार घ्यायची असेल तर ओहलिन्स, वायएसएस, हायपरप्रो यांच्या स्प्रिंगा वजनाप्रमाणे मिळतात, पण चार्टमधलं वजन गियरसकट आहे की उघडं ते विचारून घ्या, तिथे लोक एक पायरी चुकतात. आणि स्प्रिंग तुमच्या शॉकअपच्या बॉडीवर बसते का तेही.

आता ज्या जुगाडांबद्दल विचारलंत. स्प्रिंगखाली जाड वॉशरचं पॅकिंग टाकणं म्हणजे प्रीलोडच, दुसऱ्या नावाने. वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर मिळतात, त्यांनी एक-दोन वेढ्यांचं काम बंद पडतं म्हणून स्प्रिंग खरंच कडक होते, पण किती ते देव जाणे, आणि तिथे चिखल अडकून रंग जातो, मग गंज. एक वेढा कापणं, हे मात्र करू नका. मी केलंय. विशीत होतो, मित्राची गाडी आणि माझा ग्राइंडर. सहा कामाच्या वेढ्यांपैकी एक गेला की रेट २० टक्के वाढतो हे गणित बरोबरच होतं, पण स्प्रिंग आखूडही झाली हे डोक्यात आलं नाही. गाडी उचलली की स्प्रिंग तिच्या बसायच्या वाटीत सैल खुळखुळायची, कापलेलं टोक नीट बसायचं नाही, आणि पंधरा दिवसात त्याने खालची वाटी खाल्ली. मित्र अजून बोलतो माझ्याशी पण गाडी देत नाही.

अजून एक, स्पीडब्रेकरवरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डोलते म्हणून स्प्रिंग बसली असं म्हणतात. स्प्रिंग वर्षानुवर्षं टिकते, फार तर लांबी थोडी कमी होते. डोलणं हे डॅम्पिंग गेल्याचं लक्षण आहे, म्हणजे आतलं तेल, गॅस, सील. तुमच्या गाडीला आत्ताच असं होत असेल तर नवी कडक स्प्रिंग टाकून अजून वाईट होईल, कारण दाबलेली कडक स्प्रिंग जास्त जोराने परत येते आणि तिला आवरायला रिबाउंड डॅम्पिंगही (परत येताना लागणारा तेलाचा ब्रेक) जास्त लागतं. चांगल्या अवस्थेतला स्टॉक डॅम्पर २०-२५ टक्के वाढ कसाबसा सांभाळतो असा माझा अनुभव आहे, त्याच्या पुढे जायचं असेल तर शॉकअप उघडून आतले शिम (तेलाची वाट अडवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून घ्यावे लागतात किंवा रिबाउंड अॅडजस्ट होणारा पूर्ण शॉकअप घ्यावा लागतो. तुम्ही अगदी काठावर आहात. मी तुमच्या जागी असतो तर आधी फक्त स्प्रिंग बदलून बघितली असती.

स्प्रिंग बदलण्याचं काम घरी करू नका, किंवा करायचंच तर नीट स्प्रिंग कॉम्प्रेसर असेल तरच. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, ही भीती घालायला सांगत नाहीये. आणि नायट्रोजन भरलेला शॉकअप कोणालाही ग्राइंडरने कापून उघडू देऊ नका.

डबल सीटचं काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. वर्षातले किती दिवस मागे कोणी असतं ते मोजा. महिन्यातून एकदा वहिनींना घेऊन जात असाल तर स्प्रिंग तुमच्या एकट्याच्या वजनाची घ्या आणि त्या दिवशी रिंग आवळा, प्रीलोडचं खरं काम तेच आहे. पिलियनचं, म्हणजे मागे बसणाऱ्याचं, वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर जातं, तुमच्यासारखं अर्धंअधिक नाही, म्हणून ६० किलोची पिलियनसुद्धा जाणवते. टॉप बॉक्स तर एक्सलच्या मागे असतो, तो मागे दाबतोच आणि पुढचं चाक हलकं करतो ते वेगळं. रोजच डबल सीट असेल किंवा लेहला दोन पॅनियर आणि पेट्रोलचे कॅन लावून निघणार असाल तर १२५ च्या पुढची १३० किंवा १३५ बघा, पण मग एकटं असताना जरा कडक लागेल ते सहन करायची तयारी ठेवा. दोन्ही साधणारी स्प्रिंग मला अजून मिळालेली नाही.

नवी स्प्रिंग बसली की रिंग ढिली करून परत तीन मापं घ्या, मेकॅनिक आधीसारखीच फुल्ल आवळून देण्याची शक्यता फार मोठी आहे. चेनचा ढिलावा परत बघा आणि हेडलाइट खाली घ्या किंवा वर, कारण मागची उंची बदलली की तोही बदलतो. रिंग आवळण्याआधी समोरचे गाडीवाले तुम्हाला डिपर मारत असतील तर त्याचं कारण मागे बसलेली गाडी हे असू शकतं. शॉकअपच्या दांड्यावर एक बारीक केबल टाय लावा, फार आवळू नका, आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या. टाय तळाच्या रबरापासून पाच-सहा मिलीमीटर अलीकडे थांबला असेल तर स्प्रिंग बरोबर आहे. दर फेरीला रबरात घुसत असेल तर मला परत तिन्ही आकडे पाठवा, आणि यावेळी पुढचेही मोजून पाठवा, कारण ९७ किलोला पुढच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) स्प्रिंगाही मऊच पडत असणार.